कोंड्याचं दान

"बाईचा टाइम वाचला म्हणजे घर सुखी होते," असं वेंकटय्या एकदा गुणवंतरावांच्या ओसरीवर बसून म्हणाला होता. वाचलेल्या वेळेचं बाईनं करायचं काय, हे त्याला कोणी विचारलं नाही, आणि न विचारलेल्याचं उत्तर द्यायची त्याला सवय नव्हती.

तो गोदावरीपलीकडून सिरोंच्याच्या वाटेनं आला, तेव्हा चांदा जिल्ह्याच्या या धानपट्ट्यात उखळ आणि मुसळ सोडून तिसरं काही कोणी पाहिलं नव्हतं. वेंकटय्यानं तेलाचं इंजिन आणि धान कांडायचं यंत्र बैलगाडीवर बसवलं आणि गिरणीच गावोगाव हिंडवली. इंजिन सुरू झालं की बैल बुजायचे आणि म्हातारे हात जोडायचे. बाईला दुपारभर पुरणारं काम घटकाभरात उरकायचं. तीन वर्षांत गाडी गेली, पत्र्याची शेड आली, आणि तेलंग्याला लोक तेलंगी शेठ म्हणू लागले.

कांडपाचा रिवाज साधा होता. तांदूळ मालकाचे, कोंडा आणि कण्या कांडणारीच्या. कोंड्यावर तिच्या कोंबड्या जगत, कण्यांवर तिची पोरं. यंत्राला पोरं नव्हती, तरी कोंडा-कण्या यंत्राकडे राहू लागल्या. यात कोणाला काही वावगं दिसलं नाही. जो कांडेल त्याची मजुरी, हे तर बापजाद्यांपासून चालत आलेलं. अकरा कांडणाऱ्या मोहफुलं वेचायला जंगलात गेल्या, आणि गाव पांढरा भात खाऊन सुधारलं.

वेंकटय्याला मात्र भात गोड लागेना. नऊ वर्षं झाली, तरी तो पाहुणाच होता. लग्नाच्या पंगतीत त्याला पहिल्या रांगेत, पाटावर, आग्रह करकरून जेवू घालत. गावातली माणसं उघड्या अंगानं वरणाच्या बादल्या घेऊन धावत, एकमेकांना शिव्या देत, आणि शेवटी उरलंसुरलं खात. त्या शेवटच्या रांगेत बसायची त्याला फार हौस होती. एकदा त्यानं बादलीला हात घातला, तर नवरीच्या बापानं त्याचे पायच धरले. आमच्याकडून काय चुकलं, शेठ?

हे दुःख त्यानं गुणवंतरावांना सांगितलं. गुणवंतरावांची मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, कायद्यानं गेली होती, पण सल्ला द्यायची खुर्ची कायद्याच्या नजरेतून सुटली होती. ते म्हणाले, "दान करा. दान केल्याशिवाय माणूस मोठा होत नाई, अन् मोठा झाल्याशिवाय गावचा होत नाई." वेंकटय्यानं आठ दिवस विचार केला. शेवटी ठरलं की दर शनिवारी गावातल्या अकरा गरीब बायांना सूपभर कोंडा-कण्या फुकट द्यायच्या. अकरा गरीब बाया शोधायला वेळ लागला नाही. त्या कांडणाऱ्याच निघाल्या.

समारंभ गिरणीच्या अंगणात झाला. तहसीलदार आले. ते पंचवार्षिक योजनेपासून निघाले, दानवीर कर्णापर्यंत पोचले, आणि तिथे त्यांनी पाणी मागितलं. मग पहिलं सूप भागीरथेच्या हातात दिलं गेलं. अकरा जणींत ती वयानं मोठी. निम्म्या गावाच्या लग्नांचे तांदूळ तिच्या मुसळाखालून गेलेले.

तिनं सुपात बोटं फिरवली आणि वेंकटय्याकडे पाहिलं. एवढी माणसं जमवून शेठनं आपल्याला कामालाच बोलावलं, अशी तिची समजूत झाली. ती उकिडवी बसली आणि पाखडू लागली. तिचं पाहून बाकीच्या दहाही बसल्या. भरलं सूप हातात घेऊन रिकामं उभं राहणं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. अंगणभर कोंडा उडाला. तहसीलदारांचा काळा कोट पिवळा झाला.

"बाई, दान हाये ते," गुणवंतराव दातांतून म्हणाले. "तसंच घरी न्या."

"नेतो ना भाऊ. पह्यले मालकाचं मालकाले देऊ द्या."

तिनं कोंड्यातले अख्खे तांदूळ वेचून पळसाच्या पानावर घेतले, मूठभर भरले, आणि पान वेंकटय्याच्या पायाशी ठेवलं.

"घ्या भाऊ, हे तुमचे. कोंडा-कण्या माह्या." मग जरा पुढे वाकून, चारचौघांत बोलू नये ते सांगावं तशी ती म्हणाली, "राग नका मानू, तुम्ही आता गावचे आहा म्हणून सांगून राह्यली. पाव्हण्याले नसतं सांगितलं. तुमची मशीन चांगली कांडत नाई. तांदूळ लई मोडते. एखाद्या बाईनं असं कांडलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तिले कोणी धान देल्लं नसतं."

दहा जणींनी माना डोलावल्या. कोणी हसलं नाही. कामातली गोष्ट होती. गुणवंतरावांनी घसा खाकरून जाहीर केलं की आता दानशूर वेंकटय्या दोन शब्द बोलतील.

वेंकटय्या उठला. त्यानं गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला, पळसाचं पान दोन्ही हातांनी उचललं, आणि अंगणातून बाहेर पडला.