भाऊसो गलाईवाला आणि मेट्रोचा केर

भाऊसोसमोर कुणी नव्या सदऱ्यात येऊन उभा राहिला, तर तो सदऱ्याचं कापड बघत नसे. सदरेवाला सोनार आहे का, ते आधी विचारी, आणि असला तर त्याच्या बाह्या झटकून बघायला त्याचे हात शिवशिवत.

यात त्याचा दोष नाही. विट्याकडच्या आमच्या गावातली निम्मी तरणी पोरं सोन्याचांदीच्या गलाईला परमुलखात गेलेली. सोनाराकडची मोड आणायची, भट्टीत गाळायची, खोट काढून चोख माल परत द्यायचा, हा धंदा. पण खरी कला केरात. सोनाराच्या दुकानातली झाडलोट, हात धुतलेलं पाणी, जुनं पायपुसणं, बसायची फाटकी सतरंजी, हे सगळं गलाईवाला मानानं विकत घेतो, जाळतो, गाळतो आणि त्यातून मोहरीएवढा का होईना, सोन्याचा मणी काढतो. भाऊसो यातला उस्ताद. दहावीला गणितानं आडवा पाडल्यावर चुलता त्याला कलकत्त्याला घेऊन गेला. तेव्हापासून आठ वर्षं तो बहूबाजारच्या एका गल्लीत भट्टीपुढं बसला होता. लोक म्हणत, तो शिंकला तरी रुमाल जपून ठेवतो. हे शेपूट मीच लावलेलं आहे, पण फार लांब नाही.

दर वर्षी जत्रेला तो गावी यायचा. सोबत अत्तर, रसगुल्ल्यांचे डबे आणि थापा. पंच्याण्णव साली कलकत्त्याची मेट्रो शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग धावायला लागली आणि भाऊसोच्या थापा जमिनीखाली गेल्या. रोज सकाळी आपण जिन्यानं पाताळात उतरतो, थंडगार गाडीत बसतो, आज काय तळ्याकाठी तर उद्या काय राणीच्या बागेत फिरून येतो, असं तो पारावर सांगायचा. धुळा म्हणून आमचा एक विहिरी खोदणारा गडी आहे. त्याला एकच काळजी, की वरच्या विहिरींचं पाणी गाडीत गळत कसं नाही. भाऊसो गंभीर तोंडानं म्हणाला होता की गळतं, पण तिथं साहेबानं भांडी लावून ठेवलीत.

खरी गोष्ट अशी, की तो मेट्रोत एकदाही बसला नव्हता. भट्टी विझायची नाही आणि याचं बूड हलायचं नाही. ही थाप जत्रेबरोबर विरून गेली असती. पण मी मधे पडलो आणि त्याच्यासाठी स्थळ आणलं.

मुलगी इस्लामपूरकडच्या सुभेदार लालासाहेबांची, नाव प्रियदर्शनी. सुभेदार पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, घरचा ऊस, मिशा अजून नोकरीवर असल्यासारख्या ताठ. मुलगी विश्रामबागच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. भाऊसोचा फोटो तिला आवडला आणि त्याच्यापेक्षा त्याची ती पाताळातली गाडी जास्त आवडली. पण पोरगी हुशार. गलाईवाल्यांच्या बायका परमुलखात जातात आणि एका खोलीत धूर खात बसतात, हे तिनं मैत्रिणींकडून ऐकलं होतं. तिनं आईला, रंगूबाईंना, बजावून सांगितलं.

"आई, घर लहान असलं तरी चालंल. पण तो म्हणतो तसा खरंच फिरतो का, एवढं डोळ्यांनी बघून ये. भट्टीपाशी बसून राहणारा असला, तर मी न्हाई."

हे मी भाऊसोला पत्रानं कळवलं. उत्तर आलं, "खुशाल या. सेंट्रलवरून कालीघाटला मेट्रोनं नेतो, देवीचं दर्शनही होईल." पत्रावर काजळीचा अंगठा उमटलेला होता, तो मी सुभेदारांना दाखवला नाही.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत सुभेदार, रंगूबाई आणि मी, तिघं कलकत्त्याला पोचलो. भाऊसोनं तयारी केलेली होती. आदल्या दिवशी शेजारच्या बंगाली सोनाराकडून त्यानं सगळं पाठ करून घेतलं होतं: तिकीट कुठं काढायचं, फाटकात कसं घालायचं, पलीकडून कसं उचलायचं. नवी पँट, केसाला तेल, तोंडात "मामा, इकडनं या. मामी, सांभाळून." मला वाटलं, पोरगं तरून जाणार.

खाली उतरायच्या आधी सुभेदारांनी सवयीनं तंबाखूचा भला मोठा बार भरला. उतरल्यावर समोर पाटी: थुंकल्यास दंड. चकचकीत फरशी, भिंतीवर टीव्ही, थुंकायला तसूभर जागा नाही. सीमेवर गोळ्यांना न घाबरलेला माणूस पाटीला घाबरला. त्यांनी ओठ मिटून घेतले ते मिटलेच. भाऊसोला वाटलं, सासरा घुश्शात आहे. तो आणखी गोड बोलायला लागला आणि सुभेदार आणखी तांबडे व्हायला लागले.

फाटक पार करून फलाटावर आलो, आणि तिथं एक झाडूवाला रुंद झाडूनं फलाट लोटत होता.

भाऊसो बोलायचा थांबला. ते सेंट्रल स्टेशन. बहूबाजारचे कारागीर सकाळ-संध्याकाळ तिथंच उतरणार, तिथंच चढणार. रोज शेकडो सोनार, शेकडो सदरे, शेकडो बाह्या. आणि त्या बाह्यांतून जे काही झडत असेल ते या फरशीवर. आठ वर्षांत आपल्या ध्यानात कसं आलं नाही, या विचारानं त्याचं तोंड लग्नातल्या करवलीसारखं हरखून गेलं.

गाडी आली. रंगूबाई पदर खोचून पुढं झाल्या. भाऊसो म्हणाला, ही आपली नव्हे. दुसरी आली. तीही आपली नव्हती. त्या फलाटावरची प्रत्येक गाडी कालीघाटलाच जाते, हे त्याला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. झाडूवाला अजून निम्म्यावर होता, एवढंच.

मग त्याच्याच्यानं राहवलं नाही. तो झाडूवाल्यापाशी गेला, बंगालीत काहीतरी मिठास बोलला, परत आला आणि रंगूबाईंच्या हातातली पिशवी मागायला लागला. त्या पिशवीत देवीसाठी आणलेलं खण-नारळ. नारळ त्यानं माझ्या हातात दिला, खण सुभेदारांच्या खांद्यावर टाकला, आणि पाहुण्यांदेखत, नव्या पँटीचे गुडघे टेकून, फलाटाचा केर दोन्ही हातांनी पिशवीत भरायला लागला. शेवटची चिमूट त्यानं तळहातावर घेतली आणि दिव्याच्या उजेडात फुंकर मारून बघितली.

पोलिसाची शिट्टी वाजली. फलाटावर पिशवी घेऊन वाकलेला माणूस, शेजारी नारळ धरलेला म्हातारा आणि खांद्यावर खण घेतलेला मिशीवाला, जो विचारलं तरी बोलत नाही. पोलिसानं आम्हाला स्टेशनच्या साहेबापुढं नेलं. त्याची काही चूक नव्हती, मीसुद्धा नेलं असतं.

साहेब वयस्क, चष्मेवाला. त्यानं आधी सुभेदारांना विचारलं, आपण कोण. सुभेदारांनी सलाम ठोकला आणि गप्प उभे राहिले. साहेबानं पुन्हा विचारलं. सुभेदारांनी बोटानं मिशी, छाती आणि छत दाखवलं. यातून पलटण, पेन्शन आणि वरिष्ठ अधिकारी असा अर्थ निघायला हवा होता. साहेबाला निघाला नाही. शेवटी सुभेदारांनी डोळे मिटले, सगळा बार गिळला आणि खाली बसले. पुढचा अर्धा तास ते कुणाच्याच उपयोगाचे नव्हते.

मग साहेब भाऊसोकडं वळला. पिशवीतला केर कागदावर ओतलेला होता: धूळ, केस, दोन बटणं, शेंगदाण्याचं टरफल. साहेबानं हिंदीत शांतपणे विचारलं, की तू रोज इथं येऊन हे गोळा करतोस का?

आता बघा. हो म्हणावं तर हा रोज फलाटावर काहीतरी वेचत फिरतो असं ठरणार आणि पोलीस पुढची चौकशी करणार. नाही म्हणावं तर रंगूबाई समोरच बसलेल्या, कान टवकारून. हिंदी त्यांना पलटणीच्या क्वार्टरात राहून चांगली येत होती. भाऊसोनं एकदा साहेबाकडं बघितलं, एकदा रंगूबाईंकडं. तेल लावलेल्या केसांतून घाम ओघळला.

तो साहेबाशी बोललाच नाही. रंगूबाईंनाच म्हणाला, "मामी, आज पयल्यांदा आलोय. आठ वर्सं झाली, गल्लीतनं भाईर पडलो न्हाई. तळं न्हाई बघितलं, बाग न्हाई बघितली. सगळं ऐकून सांगत हुतो."

साहेबाला रंगूबाईंनीच हिंदीत समजावलं: गलाई काय, केर काय आणि हे येडं काय. साहेब इतका हसला की चष्मा पुसावा लागला. त्यानं आम्हाला सोडलं, वर एक माणूस सोबत देऊन कालीघाटच्या गाडीत बसवून दिलं. गाडीत थंडगार वारा होता. भाऊसो खिडकीबाहेरच्या अंधाराकडं असा बघत होता, जणू त्यातच आपलं स्थळ वाहून चाललंय. देवीपुढं त्यानं काय मागितलं ते त्याला विचारायची सोय नव्हती.

परतीच्या प्रवासात सुभेदारांनी निकाल दिला, की खोटं बोलणारा आणि केर भरणारा जावई आपल्याला नको. रंगूबाई म्हणाल्या, मुलीनं विचारलंय, मुलीलाच सांगू. आणि त्यांनी सगळं सांगितलं. मिशी, छाती, छत, काही वगळलं नाही. मी तिथंच चहा घेत होतो. प्रियदर्शनी आधी हसली, मग उठली. भाऊसोचा फोटो तिनं फडताळातून काढला. मला वाटलं, आता परत देणार. मी हातसुद्धा पुढं केला.

"आवं, हात मागं घ्या," ती मला म्हणाली. "सगळं बघून झालेला नवरा मला शिकवत बसला आसता. ह्यानं कायबी बघितलेलं न्हाई, आन् इचारल्यावर खरं सांगितलं. दोघं मिळून बघू. पण आठवड्याला एक दिवस भट्टी बंद, हे त्याच्याकडनं लिहून आणा."

मी लिहून आणलं. या खेपेला अंगठा नव्हता, पूर्ण सही होती, आणि खाली विचारलं होतं की वार कुठला.

लग्न मे महिन्यात झालं. सुभेदार मांडवात कुणाशी फारसं बोलत नव्हते. तोंडात काही नसतानासुद्धा. बायकांनी नवरीला नाव घ्यायचा आग्रह केला. तिनं जराही आढेवेढे घेतले नाहीत.

"जमिनीखालून गाडी जाते, वरून जाते ट्राम, भाऊसोंना शहर दाखवणं हे आता माझं काम."

मांडवभर हशा पिकला. सगळ्यात मोठ्यानं भाऊसोच हसला, कारण हसता हसता मान खाली घालता येत होती, आणि त्याला अजून सुभेदारांकडं बघायचं धाडस नव्हतं.