विषम आकडे

व्हेरना हाकाला ही बाई वर्गात आली की आधी टेबलावर पाव ठेवते. वेलची घातलेला, वेणी घातल्यासारखा विणलेला, पहाटे घरी भाजलेला. मग सुरी. मग लॅपटॉप. आणि मग फळ्यावर एक ओळ लिहिते, गेली सोळा वर्षं तीच ओळ: "मला गणित जमत नाही, असं म्हणणाऱ्याने घरी जावं."

थंडर बे शहरात शनिवारी सकाळी आठ वाजता, बाहेर उणे एकतीस असताना, बारा नर्स तिच्यासमोर बसलेले असतात. सगळे नोकरी करून पुढचं शिकणारे. केनोरावरून पाच तास गाडी हाणत येणारेसुद्धा आहेत. एवढं करून आल्यावर घरी कोण जातंय? पण दर वर्षी एक जण ते वाक्य म्हणतोच. यंदा डेल म्हणाला. दांडगा माणूस, इमर्जन्सीत काम करतो.

"व्हेरना, तुमचं ते मॉडेल-बिडेल माझ्या डोक्यावरून जातं हो. गणित आपलं काम नाही."

"परवाच्या ड्यूटीत हेपॅरिनचं ड्रिप लावलंस?"

"लावलं की."

"किती?"

"तासाला बाराशे युनिट."

"पिशवीत किती होतं?"

"पंचवीस हजार, पाचशे मिलीत."

"मग तासाला किती मिली?"

"चोवीस."

"कागद घेतलास का?"

"नाही."

"मग बस खाली. आणि पाव घे."

अशी ही बाई. वय चौसष्ट. एकोणीस वर्षं वॉर्डात राबली, चाळिशी उलटल्यावर स्टॅटिस्टिक्स शिकायला गेली. विशी-बाविशीची पोरं वर्गात आणि ही गुडघ्याला पट्टा बांधून पहिल्या बाकावर. डॉक्टरेट करूनच उठली. तेव्हापासून नर्सांना आकडे शिकवते, आणि शिकवते म्हणजे कसं, तर आकडा पेशंटच्या अंगावरून आलाय हे विसरूच देत नाही.

कोरीन बुशे तिची लाडकी. तोंडाने कधी बोलली नाही, पण पावाचं टोक, ते कुरकुरीत, आपोआप कोरीनच्या बशीत जायचं. कोरीन मेडिकल वॉर्डात अकरा वर्षं. वॉर्डची प्रमुख ग्लेनिस मे महिन्यात निवृत्त होणार होती, आणि ती खुर्ची कोरीनला मिळणार हे नक्की होतं. अट एकच, तोवर पदवी हातात हवी. म्हणजे मार्चअखेर प्रबंध जमा. म्हणजे मार्गदर्शक म्हणून व्हेरनाची सही.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी कोरीन फुलून आली होती. तिच्याच वॉर्डचे एकवीसशे चाळीस पेशंट, श्वासाच्या एक्केचाळीस हजार नोंदी. प्रश्न असा, मिनिटाला पेशंट किती श्वास घेतो यावरून तो आयसीयूत जाणार की नाही हे आधी कळतं का? उत्तर आलं होतं: काही संबंध नाही.

"सगळं करून बघितलं," कोरीन म्हणाली. "एकाच पेशंटच्या नोंदी एकत्र बांधल्या, वय घातलं, आजार घातले. संबंध शून्य. वरच्या ऑफिसला तर हेच हवंय. दर चार तासांनी श्वास मोजायचं बंद करून दिवसातून दोनदाच ठेवणार म्हणतात. पोरींचा ताप वाचेल."

टाळ्या पडल्या. व्हेरनाने वाजवल्या नाहीत.

"नुसत्या आकड्यांचा आलेख दाखव. मॉडेल नको. किती वेळा कोणता आकडा आलाय, एवढंच."

कोरीनने लावला. दात पडलेला कंगवा असावा तसा आलेख. सोळाला खांब, अठराला छताला टेकेल असा खांब, वीसला खांब. मधे काहीच नाही.

"सतरा किती वेळा?"

कोरीनने बघितलं. "एकशे बारा."

"एक्केचाळीस हजारांत एकशे बारा. थंडर बेमध्ये सतरा श्वास घेणारा माणूसच राहत नाही का गं?"

कोणी हसलं नाही. बाराही जण पावाकडे बघायला लागले, जणू पावच आत्ता काहीतरी बोलणार आहे. कारण सगळ्यांना माहीत होतं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं की आकडा समच येतो. पंधरा सेकंद मोजून चौपट केलं तरी समच. आणि काहीच न मोजता, नाडी बघता बघता छातीकडे एक नजर टाकून लिहिलं, तर अठरा. विषम आकडा पाहिजे असेल तर पूर्ण मिनिट पलंगाशी उभं राहावं लागतं.

"म्हणजे माझा वॉर्ड खोटारडा?" कोरीनचा आवाज चढला. "आठ-आठ पेशंट एकीला. एकेक मिनिट म्हटलं तरी फेरीला आठ मिनिटं, बारा तासांत तीन फेऱ्या. चोवीस मिनिटं कुठून आणायची? तुम्ही आणून देता?"

"मी खोटारडं म्हटलं का? मी एकोणीस वर्षं अठरा लिहिलंय. एकदा सात नंबरच्या खोलीतल्या म्हाताऱ्याला अठरा लिहिलं आणि तासाभरात तो निळा पडून आयसीयूत गेला."

"मग? मेला?"

"वाचला. आणि माझं अठरा कोणी विचारलंसुद्धा नाही. कारण डॉक्टरपासून सगळ्यांना ठाऊक, ते अठरा म्हणजे काही नसतं."

मग ती डेलकडे वळली. "बर्फात भोक पाडून पिकरेल पकडतोस ना रे? समज, पकडलेला प्रत्येक मासा न मोजता तू वहीत दीड फूट लिहिलास. मग कोणत्या आमिषाला मोठा मासा लागतो, हे त्या वहीवरून कळेल?"

"कसं कळणार? सगळेच दीड फूट."

"म्हणून काय आमिषात फरक नसतो?"

डेल म्हणाला, "असतो ना. वहीत नसतो."

"झालं. आजचा धडा संपला. पाठ्यपुस्तकात याला चाळीस पानं लागतात." व्हेरना कोरीनकडे वळली. "संबंध नाही असं तू सिद्ध केलेलं नाहीस. आपण मोजलं नाही, हे सिद्ध केलंस. याच्यावर मी सही करणार नाही."

"मार्चअखेर आहे, व्हेरना."

"माहितेय."

"माझी खुर्ची जाईल."

"तेही माहितेय. आणि ऑफिसने या कागदाच्या जोरावर श्वास मोजणं कमी केलं तर कोण जाईल, ते तुलाही माहितेय."

कोरीनने लॅपटॉप मिटला, जॅकेट अंगात कोंबलं आणि निघून गेली. पावाचं टोक बशीत तसंच राहिलं.

पुढचा वर्ग दोन आठवड्यांनी. मधे फोन नाही, मेल नाही. दुसरं कोणी असतं तर विरघळलं असतं, पोरीचं नुकसान होतंय म्हणून काहीतरी मधला रस्ता काढला असता. व्हेरनाला मधला रस्ता दिसतच नव्हता. आकडा मोजलेला असतो नाहीतर नसतो. ती घरी बसून गुडघा शेकत होती आणि कोरीनच्या जुन्या आकड्यांचं काय करता येईल ते लिहून काढत होती. येणार ती, एवढं तिला ठाऊक होतं. अकरा वर्षं वॉर्डात टिकलेली बाई एका 'नाही'ने पळत नाही.

आली. आणि एकटी नाही, ग्लेनिसला घेऊन आली.

ग्लेनिस एकसष्ट वर्षांची, आडव्या बांध्याची, अंगात कर्लिंग क्लबचं जॅकेट. व्हेरना आणि ती एकेकाळी एकाच वॉर्डात होत्या. वर्ग आता काय घडतंय म्हणून सरसावून बसला. पोरींच्या बाजूने भांडायला आली असणार, असं व्हेरनाने धरून ठेवलं.

"माझ्या पोरींना खोटारडं म्हणालीस म्हणे."

"नाही म्हणाले."

"म्हणूही नकोस. अठरा लिहायला हिला मी शिकवलं," ग्लेनिसने कोरीनकडे अंगठा केला. "पहिल्याच आठवड्यात. आणि मला कोणी शिकवलं, आठवतंय का तुला?"

व्हेरनाने मान हलवली. नाही.

"मला नोकरीला लागून चार दिवस झाले होते. मी पलंगाशी घड्याळ धरून उभी, मोजतेय. मागून तू आलीस. म्हणालीस, 'अगं, छाती हलतेय ना? मग अठरा लिही आणि चल, जेवणाच्या गाड्या आल्यात.'"

व्हेरना खुर्चीवर बसली. वर्ग चालू असताना ती कधी बसत नाही. कोरीनच्या आलेखातला तो छताला टेकणारा खांब तिने नीट बघितला. त्यातला तळचा दगड आपला, हे तिला आत्ता कळत होतं.

"म्हणाले असेन," ती शेवटी म्हणाली. "माझ्याच तोंडचं वाटतंय."

"वाटतंय कसलं, तूच ती. तेव्हाही घाईच्याच कामाची होतीस." ग्लेनिस खुर्ची ओढून बसली, आणि न विचारता पावाचा तुकडा कापून घेतला. "तर आता ऐका दोघी. मी मेमध्ये जात नाहीये. ऑक्टोबरपर्यंत थांबते. ऑफिसला सांगून आले."

"ग्लेनिस, तुमची ती तळ्यावरची केबिन..." कोरीन म्हणाली.

"केबिन कुठे पळून जात नाही. मासेही नाही. हिला खुर्ची मीच देणार, दुसऱ्या कोणाला बसू देणार नाही. पण खरं मोजून. आता सांग व्हेरना, किती पेशंट लागतील?"

व्हेरना उठली. गुडघा कटकन वाजला. "तीनशे," ती म्हणाली, आणि खडू उचलला. "तीनशे का, ते आता कोरीन सगळ्यांना समजावेल. ये पुढे."

संशोधनाच्या नैतिकता समितीची नवी परवानगी यायला पाच आठवडे गेले. मग ग्लेनिसने वॉर्डात प्रत्येकीच्या गळ्यात अंडी उकडायचा टायमर अडकवला, आणि चोवीस मिनिटं कुठून आणायची याचं उत्तर स्वतः दिलं. दुपारच्या जेवणाच्या गाड्या ती स्वतः ढकलू लागली. पाय सुजायचे, शिव्या द्यायची, ढकलायची. तीनशे अकरा पेशंट झाले. जुने एक्केचाळीस हजार आकडे कोरीनने टाकले नाहीत. ते पहिल्या प्रकरणात घातले, कंगव्याच्या आलेखासकट, आणि खाली सरळ लिहिलं की हे कसं झालं आणि वेळ किती कमी होता. आपल्या वॉर्डला खाली बघायला लागेल असा एक शब्द नाही, आणि लपवलेलंही काही नाही.

सप्टेंबरात तोंडी परीक्षा. मागच्या रांगेत ग्लेनिस आणि डेल, व्हेरना भिंतीला टेकून. कोरीनने निकाल सांगितला. दर एका वाढीव श्वासामागे आयसीयूत जाण्याचा धोका साधारण एक पंचमांशाने वाढतो. अंदाज जरा ढिला आहे, पेशंट थोडे आहेत, पण अंदाजाचं खालचं टोकसुद्धा वाढीच्याच बाजूला आहे.

बाहेरून आलेला परीक्षक चष्मा पुसत म्हणाला, "तुम्हीच लिहिलंय की आधीचे आकडे न मोजता टाकलेले होते. मग हे नवे मोजलेत, कशावरून? गळ्यात टायमर होता म्हणून?"

ग्लेनिस खुर्चीत ताठ झाली. डेलने तिचा दंड धरला. व्हेरना जागची हलली नाही. कोरीनने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि व्हेरनाला तेच सगळ्यात जास्त आवडलं.

कोरीनने नवा आलेख लावला. गुळगुळीत टेकडी. पंधरा, सोळा, सतरा, अठरा, एकोणीस, सगळे आपापल्या जागी.

"विषम आकडे मोजा, सर," ती म्हणाली. "शंभरात अठ्ठेचाळीस आहेत. पूर्ण मिनिट उभं राहिल्याशिवाय एकही येत नाही."

परीक्षकाने चष्मा घातला, आलेख नीट बघितला. मग म्हणाला, "माझ्या पुढच्या प्रश्नाचं उत्तरही हेच. राहू द्या."

व्हेरनाने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला पाव काढला. टोक कापलं, आणि ग्लेनिसच्या हातात ठेवलं.

"आणि माझं?" कोरीन समोरून ओरडली.

"पावाला दोन टोकं असतात गं," व्हेरना म्हणाली. "आधी सह्या घे."