तारबाबूंचं एकुलतं एक पान

परदेशातल्या एका कंपनीने आमच्या तारबाबूंना फसवलं. इंटरनेटवर फुकट जागा देतो म्हणून बोलावलं, सहा वर्षं बसू दिलं आणि एके दिवशी बाहेर काढून दार लावून घेतलं. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर का चढला ते कळेल. आता तारबाबूंविषयी. भंडाऱ्यापासून छत्तीसगडच्या सीमेपर्यंत त्यांच्याइतका कमी शब्दांत जगलेला माणूस झाला नाही. त्यांचं गाव बोदलकसाच्या तलावाकाठचं, नोकरी गोंदियाच्या तार ऑफिसात, म्हणून सगळं शहर त्यांना तारबाबू म्हणायचं. तारेला शब्दामागे पैसे पडायचे, त्यामुळे लोकांचे शब्द कापण्यात त्यांची उभी नोकरी गेली. एकदा एक माणूस वडील वारल्याची तार करायला आला. आजार कधी सुरू झाला, डॉक्टर काय म्हणाला, शेवटी कोणाचं नाव घेतलं, असं सगळं त्याने फॉर्मच्या दोन्ही बाजूंना लिहून आणलं होतं. तारबाबूंनी ते पूर्ण वाचलं आणि नव्या फॉर्मवर लिहिलं, ‘बाबा गेले. या.’ तो माणूस कागद हातात धरून रडला आणि म्हणाला, यात सगळंच आलं.

त्या काळी शुभेच्छांच्या तारांना आकडे ठरलेले असत. लग्नाचा एक, सणाचा एक, परीक्षेत पास झाल्याचा एक. इकडून फक्त आकडा जायचा आणि तिकडच्या ऑफिसात अख्खं वाक्य छापलं जायचं. तारबाबूंना ही युक्ती इतकी आवडली होती की त्यांनी ती घरी नेली. स्वयंपाकघराच्या दारामागे त्यांनी यादी चिकटवली होती. जे वाक्य रोज लागतं त्याला छोटी खूण, जे क्वचित लागतं त्याला मोठी. एकदा खोकले की चहा. दोनदा खोकले की पाहुण्यालाही चहा. ‘सतरा’ म्हणजे हा पाहुणा लवकर जाणारा नाही, स्वयंपाकाला लाग. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांना खरंच खोकला झाला होता आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, माझ्यासमोर लागोपाठ चार कप आणून ठेवले. काकू मला म्हणाल्या, “भाऊ, पूर्ण घराले आकडे देल्ले, माह्या नावालेच नाही देल्ला.” तारबाबूंनी वर न बघता उत्तर दिलं, “जे कायमच असते, त्याची तार कायले कराची?” त्या दिवशी चहात साखर जरा जास्त पडली.

मी स्वतः बारदान्यातून वर आलेला माणूस. गोंदियाच्या राइस मिलना रिकामी पोती विकून मी उभा राहिलो. शाळा आठवीपर्यंत, बाकी सगळं भाव करता करता शिकलो. दोन हजार सालानंतर पोत्यांत दम राहिला नाही, तेव्हा मी स्टेशनजवळ चार संगणकांचा सायबर कॅफे टाकला. मला संगणकातलं काही कळत नव्हतं, पण गिऱ्हाईक कळत होतं. तारबाबू निवृत्त होऊन माझ्याकडे आले ते पहिल्याच महिन्यात. कोपऱ्यातली भिंतीकडे तोंड असलेली खुर्ची त्यांनी पकडली आणि दुपारी दोन ते चार ती त्यांचीच झाली. लोक रेल्वेचं तिकीट बघायला, निकाल बघायला, नको ते बघायला यायचे. हे बघायचे फाइल लहान कशी करतात ते. पलीकडे ती पुन्हा जशीच्या तशी कशी उघडते, एक अक्षरही न सांडता, याचं त्यांना वेड लागलं होतं. मी विचारलं, हे आहे तरी काय? त्यांनी माझ्या जुन्या धंद्याकडे बोट दाखवलं. “तुमी पोत्यायची गाठ बांधत होते ना, शेठ? हवा काढून टाकाची, पोतं नाही फाडाचं. तेच.” मला कॉम्प्रेशन तेवढंच कळलं आणि तेवढं पुरलं.

त्या काळी फोनच्या लाइनवर इंटरनेट चालायचं आणि वीज तर अर्धा दिवस नसायचीच. एखादं पान निम्मं उतरलं की लाइट जायचे. बाकी गिऱ्हाइकं माझ्या नावाने खडे फोडायची, तारबाबू मात्र अंधाऱ्या पडद्यासमोर बसून उरलेलं पान मनात पूर्ण करायचे. लाइट आले की पडताळून पाहायचे आणि बहुतेक वेळा त्यांचा अंदाज बरोबर निघायचा. पुढचं अक्षर आधीच ओळखता आलं तर ते पाठवायची गरज नाही, हेही त्या विद्येतलंच एक कलम होतं म्हणे. त्याचा प्रयोग ते माझ्यावरही करायचे. मी तापट माणूस. एकदा एका पोराने माउस आपटला म्हणून मी त्याला झापायला तोंड उघडलं, तर कोपऱ्यातून माझं उरलेलं वाक्य आलं, शिवीसकट, शांत आवाजात. सगळा कॅफे हसला. मी त्यांच्यावर घसरलो. ते म्हणाले, “शेठ, तुमची शिवी खूप दबते. पहिल्या अक्षरावरूनच बाकीची समजते.” त्यानंतर आठवडाभर मी नवीन शिव्या शोधत होतो.

आणि हाच शब्द मोजून वापरणारा माणूस एका ठिकाणी मात्र उधळा होता. त्या कंपनीने फुकट दिलेल्या जागेवर त्यांनी मराठीत एक पान उभं केलं. फाइल दाबण्याची विद्या शिकायची असेल तर इंटरनेटवर कुठे कुठे जावं आणि कोणत्या क्रमाने जावं, एवढाच त्याचा विषय. एका परदेशी प्राध्यापकाची टिपणं, एक सवाल-जवाबांचा लांबलचक संग्रह, झाडासारख्या आकृत्या हलवून दाखवणारं एक पान, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आतला मजकूर, कोणतं सॉफ्टवेअर तीच फाइल किती लहान करतं याची शर्यत लावणारी एक जागा, अशी चाळीसेक ठिकाणं. प्रत्येकाखाली त्यांची टीप. ‘या गृहस्थांना समजले आहे, पण समजावता येत नाही. दोनदा वाचावे.’ ‘येथे गणित आहे. भिऊ नये, वही घेऊन बसावे, मलाही चार दिवस लागले.’ ‘येथे मंडळी फार भांडतात, फक्त शेवटचे उत्तर वाचावे.’ ‘पान उघडायला वेळ लागतो, तोवर पाणी पिऊन यावे.’ बायकोला आकड्यांत बोलणारा माणूस कुठल्या अनोळखी पोराला पाणी पिऊन ये म्हणून सांगत होता. आधी त्यांनी हे सगळं एका फाँटमध्ये टाइप केलं, तो फाँट दुसऱ्या संगणकावर चौकटीच दाखवायचा, म्हणून सगळीकडे सारखं दिसणारं युनिकोड आल्यावर सगळं एका बोटाने परत टाइप केलं. आणि जुनं पुसून टाकलं. एकच वस्तू दोन ठिकाणी ठेवणं त्यांना बघवत नसे. घरातला दुसरा कंगवासुद्धा त्यांनी कोणाला तरी देऊन टाकला होता.

ते पान कोण वाचतं याची मला शंकाच होती. पण एके दिवशी देवरीहून बसने एक मुलगी कॅफेत आली. इथल्या पॉलिटेक्निकला शिकत होती, वडील जंगलातला मोह आणि तेंदूपत्ता गोळा करणारे. इंग्रजी पुस्तकाने तिला रडवलं होतं आणि या पानाने वर काढलं होतं. पान लिहिणारा कॉलेजातला कोणी मोठा सर असेल अशा समजुतीने ती आली. मी कोपऱ्याकडे बोट केलं. तारबाबूंनी तिला स्टुलावर बसवलं आणि तिच्या गावाचं नाव लिहायला लावलं, मग तिच्या आईचं, मग म्हणाले, आता मोज, कोणतं अक्षर जास्त वेळा आलं, त्याला छोटी खूण. दोन तास त्या दोघांनी माझ्या बिलबुकाच्या मागे अक्षरांच्या फांद्या फुटलेली झाडं काढली. जाताना ती म्हणाली, “बाबा, मले वाटलं होतं हे आपल्यासाठी नसतेच.” त्या दिवशी तारबाबू घरी जाताना माझ्याशी पाच वाक्यं बोलले. मी मोजली.

दर सुट्टीत ती यायची. पुढे नागपूरला गेली, तिथून मैत्रिणींना पान दाखवायची.

मग ती नोटीस आली. जागा घेताना ई-मेलचा पत्ता लागतो, तो तारबाबूंनी माझ्या कॅफेचा दिला होता. कॅफेचा पत्ता असताना आणखी एक कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे नोटीस माझ्याकडे आली. फुकटची जागा अमुक तारखेला बंद होणार, आपलं सामान उतरवून घ्या, किंवा पैसे भरून दुसऱ्या योजनेत या. मी वाचलं आणि मला हसू आलं. पंधरा वर्षं मी मिलवाल्यांचं ‘आज शेवटचा भाव, उद्या माल नाही’ ऐकलं होतं. ज्याने ते म्हटलं तो पुढच्या सोमवारी दारात उभा राहायचा. मी तारबाबूंना सांगितलं, बाबूजी, ही दाबायची रीत आहे, आपण हललो तर गेलो. इंग्रजी येणाऱ्या एका गिऱ्हाइकाकडून मी उत्तर लिहून घेतलं, तुमच्या भावाच्या चौथ्या हिश्श्यात देत असाल तर बोला. उलट उत्तर आलं की या पत्त्यावर आलेली पत्रं वाचली जात नाहीत. मी ओळखलं, ताणून धरतायत. आणखी एक नोटीस आली. मी आणखी खाली उतरलो.

तारबाबूंनी एकदाच विचारलं, “उतरवून ठेवू?”

एक फ्लॉपी पुरली असती. दहा मिनिटांचं काम. मी म्हटलं, “काऊन घाई करता बाबूजी? आपण सामान बांधून राहिलो हे समजलं का ते एक पैसा कमी नाही करत. शेवटच्या दिवशी बघा कसे खाली येतेत.” फ्लॉपीत काय ठेवलं ते सातासमुद्रापलीकडे कोणाला समजणार होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. त्यांनी मान हलवली. दुसरी प्रत करायची नाही म्हटल्यावर त्यांना थोडं बरंच वाटलं असावं, असं मी मला बरेच दिवस समजावलं.

शेवटचा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता शटर वर करून मी पान उघडलं, तर पांढऱ्या पडद्यावर चार ओळी इंग्रजी. इतकी वर्षं आमच्यासोबत राहिल्याबद्दल आभार. मी त्या पडद्याला जे बोललो ते पहिल्या अक्षरावरून ओळखता येणारं नव्हतं. कंपनीला सात पत्रं लिहिली, दुप्पट देतो, चौपट देतो. आयुष्यात भाव वर नेत बोलणी केली ती तेवढीच. सातही परत आली.

दोन वाजता तारबाबू आले. बसले, पत्ता टाइप केला, बघितलं. पुन्हा टाइप केला. मी शेजारी उभा होतो, काहीतरी बोलतील म्हणून छाती घट्ट करून. मला माझ्या तोडीचा राग हवा होता. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “भाव तुमचा बराबर होता, शेठ. समोर माणूसच नव्हता.”

त्यांनी वहीत पान पुन्हा लिहायला घेतलं होतं. सात ठिकाणांपर्यंत आले. पण ज्या परक्या पानांकडे बोट दाखवायचं त्यांतली निम्मी आता इंटरनेटवर नव्हती, पत्ते आठवत नव्हते आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आठव्या ठिकाणी फक्त आकडा आहे. मग काकू गेल्या. त्यानंतर मुलीने त्यांना भिलाईला नेलं. मी फोन करतो. “कसे आहात?” “ठीक.” “काही हवं?” “नाही.” फोन ठेवायची घाई त्यांना नसते. मी वाट बघत राहतो की आज विचारतील. विचारत नाहीत.

देवरीच्या मुलीचा फोन आला होता तेव्हा मी तिला सांगितलं की तिकडे काही दुरुस्ती चालू आहे, होईल सुरू. तिने पुढच्या महिन्यात परत केला, मी परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदा तिने केला नाही. आता ती पुण्यात मोठ्या कंपनीत आहे, याच कामात, असं ऐकतो. तिच्या गावच्या शाळेतली पोरं इंटरनेटवर काय बघत असतील कोण जाणे. पाणी पिऊन या असं सांगणारं मात्र तिथे कोणी नाही.

कॅफे मी केव्हाच बंद केला. त्याच गाळ्यात आता झेरॉक्स आहे, दिवसभर लोकांच्या कागदांच्या प्रती काढतो. त्या कंपनीला कोणीतरी विकत घेतलं, त्याला आणखी कोणी. जाब मागायला दारच उरलं नाही, आणि तरी मी मागतोच, कारण सहा वर्षांचं काम पुसणाऱ्या कोणाचं तरी बोट त्या बटणावर असेलच की. पण समोर माणूस नव्हता म्हणून हे प्रकरण मिटत नाही, बाबूजी. पडद्याच्या अलीकडे, माझ्याच कॅफेत, एक होता. दहा मिनिटांचं काम त्याने करू दिलं नाही. तुम्ही त्याला विचारलं नाही, त्या पोरीने विचारलं तर तो खोटं बोलला. मी सकाळी दहापासून दुकानातच असतो. भिलाईहून फोन करा, नाहीतर देवरीच्या पोरीला पाठवा, पण कोणीतरी एकदा मला विचारा.