हद्द मोजली, भिंत राहिली

सात मे. लोणच्याच्या कैऱ्या चिरत होते. बाजारात कापूसच येईना, म्हणून मालकाने जिनिंग बंद केली होती. नवरा तिथेच कामाला, त्यामुळे महिनाअखेर क्वार्टर सोडायचं होतं. नेरमध्येच नवऱ्याच्या मामेभावाचं घर घ्यायचं ठरलं. रजिस्ट्री दुसऱ्या दिवशी.

घर पाहिलं होतं श्रावणात. मग सरकारी मोजणी केली, शेजाऱ्यांना नोटिसा गेल्या, हद्दीचे दगड बसले. आमच्याकडे भांडणं शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून होतात, म्हणून घर घेतानाही लोक हद्दच मोजतात. घर तपासून घ्यावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

कैऱ्या चिरायचा अडकित्ता दिराच्या, म्हणजे त्याच मामेभावाच्या, घरून आणला होता, तो परत द्यायला गेले. मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट समोरच्या भिंतीला लावलेलं दिसलं.

"भाऊजी, कपाट काहून हलवलं?"

"तिकडून गरम होते ना, वहिनी."

"कपाटाले?"

दीर हसला. जाऊ चहा ठेवायला उठली, तोही साखर आणायला बाहेर पडला. मी कपाटामागे हात घातला. भिंतीच्या भेगेत माझी बोटं गेली.

काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. कापसाच्या रानात हे जन्मभर पाहिलं. घराखालीही तीच जमीन आहे, हे विसरले.

चहा न घेता घरी आले.

"भेग हाय," मी नवऱ्याला सांगितलं.

"लिंपून घेऊ."

"पाया हलून राह्यला, लिंपता काय?"

"मोजणी झाली ना! आता काय काय मोजतं? चार लोकांत जबान देली म्या. अन् महिना सरल्यावर जाशीन कुठं, कैऱ्या घेऊन?"

दुसरं घर पाहिलेलं नव्हतं. सही करावी तर ती भिंत गळ्यात, न करावी तर सामान रस्त्यावर. कैऱ्यांना मीठ-हळद लावली, बरणीला फडकं बांधलं.

सकाळी पहिल्या एसटीने यवतमाळला गेले. इमारती तपासणाऱ्या एका इंजिनिअरला त्याची आंघोळ उरकल्या उरकल्या गाठलं आणि रजिस्ट्रीच्या वेळेआधी नेरला घेऊन आले. नवरा दिराच्या ओट्यावर धुतलेला शर्ट घालून बसला होता. त्याच्याकडे न बघता मी आत गेले.

"भाऊजी," मी म्हटलं, "कपाट सरकवा."