अर्धं राहिलेलं औक्षण

आमच्या घरात वाढदिवस तिथीनं करतात. तारीख शाळेच्या दाखल्यापुरती आणि पासपोर्टापुरती. देवाला आणि आईला ती मान्य नाही. माझी तिथी माघ शुद्ध दशमी. जर्मनीत शिकायला गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी ही दशमी तारखेच्या बारा दिवस आधी आली, आणि आली ती नेमकी सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षेच्या दिवशी.

परीक्षा उष्णता-वहनाची, तोंडी, आणि माझी तिसरी खेप. तिथला नियम असा की एका विषयात तीनदा नापास झालं की बॅग भरायची आणि घरी यायचं. आधी दोनदा नापास झाल्याचं मी हुबळीला कळवलंच नव्हतं. कसं कळवणार? अप्पांचं जुन्या हुबळीत साड्यांचं दुकान. 'मुलगी जर्मनीत इंजिनिअर होतेय' हे ऐकल्याशिवाय तिथून गिऱ्हाइकाची सुटका नाही. एक खण घ्यायला आलेल्या बाईचीही नाही. मी रोज फोनवर 'अभ्यास बरा चाललाय' म्हणायची आणि फोन ठेवला की माझाच मला राग यायचा.

आईचं फर्मान आठवडाभर आधी सुटलं. "दशमीला घराबाहेर पडायच्या आधी औक्षण करायचं. फोन पाटावर ठेवते. तू टिकली लावून बस, बाकी मी बघते की."

हे मी शेजारच्या खोलीतल्या मुलीला मोठ्या कौतुकानं सांगितलं, तर तिचा चेहराच उतरला. ती तिथलीच, एका शेतकऱ्याची मुलगी. त्यांच्याकडे तारखेच्या आधी वाढदिवसाच्या शुभेच्छा देणं म्हणजे अपशकुन. बारा दिवस आधी, आणि तेही परीक्षेच्या सकाळी! आपण त्या दिवशी शुभेच्छेचा चकार शब्द काढणार नाही, असं तिनं मला बजावलं. म्हणजे तिथी चुकवावी तर आईचा अपशकुन, पाळावी तर हिचा. इकडे आड, तिकडे विहीर. एरवी मी असल्या गोष्टींना हसते, पण तिसऱ्या खेपेला माणूस कशालाही घाबरतो.

त्या सकाळी पावणेआठला मी फोन लावला. हुबळीत दुपारचे सव्वाबारा वाजले होते. आईनं आधी उणकल भागातलं आमचं घर फिरवून दाखवलं: देवघरापुढे पाट, भोवती रांगोळी, तबकात निरांजन, अंगठी, सुपारी. स्वतः नवी इरकल साडी नेसलेली. मग तिनं मला पाटावर बसवलं, म्हणजे फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला.

"डोक्यावर ओढणी घे."

ओढणी कुठून आणू? मी टॉवेल घेतला.

आईनं कुंकवाचं बोट उचललं आणि सरळ माझ्या कपाळावर टेकवलं. काचेवर कुंकू उठलं असावं, कारण ती खूश दिसली. मग अक्षता. त्या काही चिकटेनात. काचेला कोरडे तांदूळ चिकटतील कसे? तिनं बोट जरा दाबून खालपर्यंत फिरवलं आणि फोन कट झाला.

दिवा ओवाळायचा राहिलाच होता. बसला सात मिनिटं होती, आणि परत फोन लावला तर आई पहिल्यापासून सुरू करणार हे मला पक्कं ठाऊक होतं. 'परीक्षेनंतर करते' एवढा मेसेज टाकला, फोन बंद केला आणि पळत सुटले. बसमध्ये मात्र तेच डोक्यात घोळायला लागलं. औक्षण मोडलं ते मोडलं, तेही आजच मोडायचं होतं?

परीक्षा घेणारे सर पांढऱ्या मिशांचे होते, आवाज न चढवता घाम फोडणारे. पहिल्याच प्रश्नाला मी अर्ध्या वाक्यात अडकले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग कुठून कोण जाणे, सुरू झाले ती थांबेचना. शेवटी त्यांनीच हात वर केला. मला बाहेर बाकावर बसवलं, आत बोलावलं आणि पास झाल्याचं सांगितलं. जीव भांड्यात पडला. मी रस्त्यावर आले आणि कोट उघडा टाकून त्या थंडीत उगाच तास-दीड तास हिंडले. दोन मोठे पाव विकत घेऊन चालता चालताच खाल्ले. घराची, फोनची, कशाचीही आठवण झाली नाही.

खोलीवर परतल्यावर शेजारणीनं मला घट्ट मिठी मारली. "अभिनंदन, परीक्षेचं!" म्हणाली. "दुसरं बारा दिवसांनी." मग मी स्वयंपाकघरात रवा भाजायला घेतला आणि रव्याच्या पुड्याला टेकवून घरी फोन लावला. हुबळीत सव्वाचार वाजून गेले असतील.

आई तिथंच होती. तीच साडी, तोच पाट, आणि तबकात निरांजन पेटलेलं.

"अगं, अजून?"

"मग? अर्धं औक्षण टाकून उठू कशी? चारदा तूप घातलं."

मागून अप्पांचा आवाज आला. "जेवायला म्हणून एक वाजता आलोय मी. पुरणपोळ्यांचा नुसता वास घेतोय. दुकान बंदच आहे तिकडं."

चार तास ती दोघं त्या दिव्याजवळ उपाशी बसली होती. मला रडू फुटलं आणि रडता रडताच सगळं बाहेर पडलं. पास झाले, पण तिसऱ्या खेपेला. आधी दोनदा नापास झाले होते. आज झाले असते तर परत यावं लागलं असतं. तुमच्याशी खोटं बोलले.

इकडे रवा करपायला लागला होता; मी त्यात घाईनं पाणी आणि साखर ओतली.

"एवढंच काय?" अप्पा म्हणाले. "मी दहावीची एसएसएलसी तिसऱ्या खेपेलाच पास झालोय. गणित राहत होतं."

आई गर्रकन मागे वळली. "काय म्हणालात? लग्नाला तीस वर्षं झाली! बघायला आला होतात तेव्हा तुमच्या अण्णांनी सांगितलं, पोरगा वर्गात पहिला."

"अण्णा सांगितले," अप्पांचं मराठी कानडी वळणावर गेलं. "मी कुठं सांगितलो?"

मला हसू आवरेना. भाषेतलं एक अक्षर न कळता माझ्या मागे उभी असलेली शेजारीणही हसत सुटली. वर्षभर जे उरावर घेऊन हिंडत होते, ते अप्पांनी पोळीची वाट बघता बघता उतरवून टाकलं.

आईनं काचेवरचं कुंकू पदरानं पुसलं, नवं लावलं, अक्षता या वेळी लांबूनच टाकल्या आणि मला ओवाळलं. मी कढईतला करपलेला शिरा चमचाभर तोंडात घातला. आईनं मात्र तबक खाली ठेवलं नाही.

"सरका पुढं," ती अप्पांना म्हणाली. "तुमचंही राहिलंय."

अप्पा कुरकुरतील असं मला वाटलं होतं. पण ते माझ्या शेजारी पाटावर येऊन बसले, खिशातला हातरुमाल डोक्यावर घेतला आणि मान खाली घालून ओवाळून घेतलं.

"तिसऱ्यांदा निकाल लागला," ते आईला म्हणाले, "तेव्हा आमच्या घरात चिमूटभर साखरही कुणी हातावर ठेवली नव्हती."

आईनं पोळीचा तुकडा मोडून त्यांच्या तोंडात घातला.