शांत ठाण्याचे जमादार

तक्रार घेऊन कुणी समोर बसलं की जमादार आधी पेनाला टोपण लावायचे. मग खुर्ची पुढं ओढून म्हणायचे, "कागदावर आलं की वाढतंय बघा. आधी मला सांगा." तुमच्याही गावच्या ठाण्यात असा एखादा हवालदार तुम्ही पाहिला असेल. आमच्याकडं हवालदाराला अजून जमादारच म्हणतात. निजाम गेला, शब्द राहिले.

मी परभणीच्या एका दैनिकाचा तालुक्याचा वार्ताहर. रोज सकाळी ठाण्यात जायचं, रात्रीतून काय घडलं ते विचारायचं आणि चार ओळी पाठवायच्या, एवढंच माझं काम. जमादारांची पाळी असली की त्या चार ओळींचीही मारामार. "लिवा की, सगळीकडं शांतता हाय," असं म्हणून ते हसायचे आणि माझ्यासाठी चहा सांगायचे. अंगानं थोराड, मिशी पिकलेली आणि खाकी शर्टाच्या खिशावर कायम हळदीचा पिवळा डाग. त्या डागाची गोष्ट सांगितल्याशिवाय जमादार कळायचे नाहीत.

एकदा एक मेंढरंवाली म्हातारी आली. तिची बकरी चोरीला गेली होती.

"माय, चोर बघितला का तुमी?"

"न्हाई की."

"मग चोरी कशी म्हणायलाव? सापडंना म्हणा."

म्हातारी बिचारी "सापडंना" म्हणाली. झालं, चोरीची बकरी हरवलेली झाली, आणि हरवलेल्या बकरीचा गुन्हा होत नाही. पण थांबा, लगेच नावं ठेवू नका. भर उन्हात स्वतःची मोटारसायकल काढून हा माणूस आठवडी बाजारात गेला आणि बकरी हुडकून काढली. ज्यानं नेली होती त्याला खंडोबाच्या देवळात उभं केलं, खिशातली भंडाऱ्याची पुडी सोडली, बेलाचं पान त्याच्या हातावर ठेवलं आणि पुन्हा असं करणार नाही म्हणून शपथ घ्यायला लावली. बेलभंडार उचलून खोटं बोलायचं म्हणजे आमच्याकडं भल्याभल्यांना घाम फुटतो. म्हातारीला बकरी मिळाली, चोर घरी गेला, सरकारी दप्तर कोरं राहिलं. सगळे खूश होते.

मग काय, तीच रीत पडली. मोबाईल चोरीला गेला की तो गहाळ व्हायचा. मोटारसायकल "कुणीतरी वळखीच्यानं नेली असंल, येईल दोन दिसात." डोकं फुटलं तर ती बोलाचाली. बायकांना तर ते हात जोडायचे, "कोर्टात चपला झिजतेत माय, घरचं घरात मिटवा." लबाडी म्हणून हे करत नव्हते ते. लोकांचं भलं करतोय यावर त्यांचा विश्वास होता, आणि साहेबही खूश असायचे.

वर्ष सरलं की आकडे यायचे. अमुक राज्य गुन्ह्यांत पहिलं, तमुक शेवटचं. टीव्हीवर त्यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जायची. मला ते बघवायचं नाही. राज्याचा आकडा काही आभाळातून पडत नाही, तो जमादारांच्या टेबलावर तयार होतो. जिथं पेनाला टोपण लागतं तिथं रामराज्य, आणि जिथं एखादा खुळा सगळं लिहून घेतो तिथं गुंडाराज. चहाच्या टपरीवर मी हे बोललो की जमादारच सगळ्यांत मोठ्यानं हसायचे.

त्यांना एकच लेक. गोदावरीच्या पलीकडं, उसाच्या पट्ट्यात दिलेली. नवरा मारायचा. एकदा पाठीवर वळ घेऊन ती माहेरी आली. आमची घरं भिंतीला भिंत लागून, मी तेव्हा त्यांच्या ओसरीवरच बसलो होतो. पोरगी रडली नाही. बापासमोर उभी राहून म्हणाली, "अण्णा, तुमी पोलीस हाव ना? मग माझी तक्रार घ्या."

जमादार हबकले. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "कागदावर आलं की संसार मोडतोय माय. मी हाय की. मी बघतो."

आणि बघितलं त्यांनी. जावयाला बोलावून घेतलं, खंडोबापुढं उभं केलं, बेलभंडार उचलायला लावला. जावई ढसाढसा रडला, सासऱ्याच्या पाया पडला. जमादारांची बायको तेवढी म्हणाली, "पोरीला धाडू नका." जमादार तिच्यावर चिडले, "देवाची आण घेतलीय त्यानं! आजून काय पायजे?" दुसऱ्या दिवशी लेकीला त्यांनी स्वतः एसटीत बसवून दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात ती सासरच्या विहिरीत सापडली.

तिथल्या ठाण्यात मी त्यांच्यासोबत गेलो होतो. टेबलावरचा अंमलदार तरुण होता, वागायला फार चांगला. खात्यातला माणूस म्हणून त्यानं उठून खुर्ची दिली. जमादार म्हणाले, "नवरा मारायचा तिला, त्यानंच मारून टाकलंय. खून म्हणून लिवून घ्या."

"काका, तुमाला मी काय सांगावं? पाणी काढताना पाय घसरला, असं घरचे सगळे सांगायलेत. नवरा मारायचा म्हणताव, तर आधीची एखादी तक्रार असंल ना मुलीची? साधी का होईना."

जमादार म्हणाले, "न्हाई. मीच होऊ दिली न्हाई."

अंमलदारानं मान खाली घातली. त्याला वाईट वाटलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण लिहिलं त्यानं पाय घसरूनच. जमादारांनी परभणीला वरच्या साहेबांकडं अर्ज दिले. ते अर्ज फिरून फिरून त्याच टेबलावर चौकशीला आले. त्या वर्षीच्या खुनांत ती मोजली गेली नाही, घसरून पडणाऱ्यांत मोजली गेली.

निवृत्त झाल्यावर जमादार आमच्या ठाण्याच्या फाटकाशी उभे राहू लागले. आत जाणाऱ्याला अडवायचे. "काय बी सांगू द्या त्येला, तुमी हलू नका. लिवून घ्या, नक्कल घ्या, मगच उठा." बाईमाणूस असलं तर आत जाऊन बाजूला उभे राहायचे. लोक लिहून घ्यायला लावू लागले. चोऱ्या चोऱ्याच राहिल्या, मार मारच राहिला, आणि वर्षअखेर आमचं ठाणं शांततेच्या यादीत जिल्ह्यात पार तळाला गेलं. गुन्हेगारी बोकाळली म्हणून पुढाऱ्यांनी मोर्चा काढला. त्या मोर्चात बकरीवाल्या म्हातारीचा नातूही घोषणा देत होता. साहेबांची बदली झाली. नंतर आलेल्यांनी जमादारांना फाटकाजवळ फिरकू नका म्हणून बजावलं. गाव म्हणू लागलं, लेक गेल्यापासून जमादाराचं डोकं फिरलंय. मला विचाराल, तर उभ्या आयुष्यात त्यांचं डोकं तेवढेच दिवस ठिकाणावर होतं.

मग ते घरीच बसले. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. एका सकाळी उठलेच नाहीत.

आता ठाणं पुन्हा शांत आहे. परवा त्याचा समारंभ झाला. हे साहेब अगदी नवे, त्यांना जमादारांचा फक्त बकरीचा किस्सा कुणीतरी सांगितलेला. शांततेची परंपरा घालून देणाऱ्या जुन्या माणसाचा मान म्हणून त्यांनी जमादारांच्या बायकोला बोलावलं होतं. मी बातमीसाठी पुढच्या रांगेत होतो. साहेबांनी तिला शाल पांघरवली, नारळ दिला, माणसांनी टाळ्या वाजवल्या. ती खाली उतरेना. माईकजवळच उभी होती, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं.

"साहेब, माझी लेक घसरून पडली न्हाई. तेवढं लिवून घ्या."

साहेबांना काहीच कळलं नाही. ते शेजारच्याकडं बघू लागले. फोटोवाला म्हणाला, "मावशी, जरा इकडं बघा." तिनं बघितलं. फोटो निघाला, आणि सूत्रसंचालकानं पुढचं नाव पुकारलं.