डाव्या वळणावरचा आवाज

लिहावं की नको, या विचारात बरीच वर्षं गेली. कारण मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नाही. आमचं घर बौद्ध. छप्पन साली आजोबांनी घरातले देव पंचगंगेत सोडले आणि त्यांच्याबरोबर अंगात येणं, उतारे, मुहूर्त... सगळंच गेलं. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. ते आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवायचे. मी कोल्हापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होते. म्हणजे बापलेक दोघंही तपासण्या करून पोट भरणारे. तेव्हा खाली जे लिहिलंय ते वाचून कुणी हसलं तरी माझी हरकत नाही. मीही हसले असते.

दोन हजार-एकच्या सुमाराची गोष्ट. आप्पा रिटायर होऊन हातकणंगल्यात राहत होते. स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत, गल्लीत आमचं घर. घरात आप्पा, आई आणि मी. रिटायर झाल्यावर आप्पांनी एक सेकंडहँड गाडी घेतली – बारा-तेरा वर्षांची, डिझेल, उंच, मागं सात-आठ माणसं बसतील अशी. आता तिला एसयूव्ही म्हणतील. गल्लीत तिला सगळे जीपच म्हणायचे. दोन महिने खपून आप्पांनी तिचं इंजिन स्वतः उतरवलं, बसवलं. गाडी अगदी सरळ चालायची.

जानेवारीत एकदा आम्ही तिघं कबनूरला मावशीकडं निघालो होतो. आप्पा चालवत होते, मी त्यांच्या शेजारी, आई मागं डाव्या बाजूला. कबनुरात एका बोळात डावीकडं वळलो आणि मागच्या डाव्या चाकाकडून आवाज आला... कट्... कट्... कट्. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा कोरडा. चाकाच्या फेऱ्याबरोबर येणारा. गाडी सरळ झाली की बंद.

टायरमध्ये खडा अडकला असेल म्हणून आप्पा उतरून बघून आले. खडा नव्हता. येताना प्रत्येक डाव्या वळणावर तोच आवाज. उजवीकडं वळलं की काही नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी चाक जॅकवर घेतलं, हातानं फिरवलं, हलवून बघितलं, ब्रेकचा ड्रम उघडला. मी शेजारी उभी होते तर मलाच शिकवायला लागले – गाडी डावीकडं वळताना वजन उजव्या चाकावर जातं, तेव्हा बेअरिंग गेलं असेल तर उजवं बोंबललं पाहिजे. हे डावं का बोलतंय? तरी त्यांनी बेअरिंग बदललं. दुरुस्त झाली म्हणून एकटेच चक्कर मारून आले. आवाज नाही. संध्याकाळी आईला घेऊन बाजारात गेले... आवाज परत.

आप्पांचा एक जुना विद्यार्थी होता, रफीक. इचलकरंजी रोडला त्याचं गॅरेज होतं. त्यानं गाडी दोन दिवस ठेवून घेतली. खालचे रबरी बुश बघितले, एक्सल काढून बघितला, स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट आवळले. त्याच्याकडं असेपर्यंत गाडीनं एकदाही आवाज केला नाही. घरी आली, आई बसली, आणि वळणावर कट् कट् सुरू.

हे पहिल्यांदा माझ्याच लक्षात आलं. मी हसत म्हणाले, आप्पा, आई बसली की वाजतंय. आप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, मग लोडचा प्रश्न हाय.

त्या दिवसापासून आप्पांनी जे सुरू केलं ते आठवलं की आजही मला कसंतरी होतं. आईच्या वजनाचं तांदळाचं पोतं त्यांनी तिच्या जागेवर ठेवलं. आवाज नाही. मग मला बसवलं. माझं आणि आईचं वजन सारखंच होतं. आवाज नाही. आई बसली – आवाज. आईला पुढं बसवलं, तर आवाज पुढच्या डाव्या चाकाकडून यायला लागला. रफीकला बोलावलं. तो गाडीबरोबर पळत पळत चाकाशी कान लावून गेला. थांबला आणि हात पुसायला लागला.

"सर, मी गाडीचं काम करतो," तो म्हणाला. "हे गाडीचं न्हाय."

आप्पांनी त्याला एवढंच सांगितलं की हे बाहेर कुठं बोलू नको. शेजारच्या काकूंना तरी कुठूनतरी कळलं. त्या लिंबू-मिरची बांधायचं सुचवून गेल्या. त्यांना आप्पांनी चहा पाजला आणि वाटेला लावलं.

आणि एक सांगायचं राहिलं. आईला तो आवाज कधीच ऐकू आला नाही. मला यायचा, आप्पांना यायचा, रफीकला आला, एकदा मावशी गाडीत होती तर तिलाही आला. आईला नाही. तिचे कान चांगले होते. घरातल्या कुकरची शिट्टी ती गल्लीच्या तोंडाशी असतानाही ओळखायची. तिला वाटायचं आम्ही सगळे मिळून तिची चेष्टा करतोय. "मला न्हाई बाई काय ऐकू येत," म्हणायची आणि खिडकीचा दांडा धरून बसून राहायची.

मग रविवार सकाळचा नेमच झाला. बाजाराचं मैदान त्या वेळी मोकळं असायचं. आप्पा स्टिअरिंग पूर्ण डावीकडं ओढून गोल गोल गाडी फिरवायचे. मी मागं बसून कान देऊन सांगायचे – आला, आला, आता नाही, आला. आई मध्येच म्हणायची, बास करा, गरगरतंय मला. आप्पा म्हणायचे, अजून एकच फेरी. दोनदा ती उतरल्या उतरल्या मैदानाच्या कडेला ओकली. घरी आली की डोक्याला फडकं घट्ट बांधून कामाला लागायची. सकाळी उठल्यावर डोकं दुखतंय म्हणायची. मी पर्समधली गोळी काढून द्यायचे आणि आठच्या गाडीनं लॅबला जायचे. तिथं दिवसभर लोकांचं रक्त तपासायचे. गाडीतल्या फेऱ्यांनी दुखत असेल, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं. ज्या आठवड्यात फेऱ्या झाल्या नाहीत त्या आठवड्यातही दुखत होतं, हे मला नंतर आठवलं.

मे महिन्यात, सकाळी दहाच्या सुमारास, माझी सुट्टी होती त्या दिवशी, आई धुण्याच्या दगडापाशी पडली. डोकं दोन्ही हातांत धरलेलं, तोंडातून नुसता कण्हल्यासारखा आवाज. अॅम्ब्युलन्सची वाट बघत बसण्यापेक्षा आप्पांनी गाडी काढली. मी मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. गल्लीतून मेन रोडला डावीकडं वळताना – कट् कट् कट्. इतक्या गडबडीतही ते ऐकू आलं आणि मला त्या गाडीचा विलक्षण राग आला.

कोल्हापूरचा रस्ता तसा सरळच. पण जिथं जिथं तो थोडा डावीकडं झुकतो तिथं तो आवाज येत राहिला. चोकाकला आला. हेर्ल्याच्या पुढं आला. तेवढ्यात आईनं डोळे उघडले आणि मला विचारलं, "पंखा बंद केलास न्हवं?" मी म्हटलं, केला. तिनं डोळे मिटले. तिचा हात माझ्या हातात होता, गरम होता. मला वाटलं, बोलली म्हणजे बरं वाटतंय.

सांगली फाट्याला हायवेवर चढायला डावीकडं वळावं लागतं. चांगलं मोठं वळण. आप्पांनी गाडी वळवली...

काही आवाज आला नाही. इंजिनाचा तेवढा.

वळण पूर्ण झालं आणि आप्पांनी गाडी कडेला घेऊन उभी केली. मागचे ट्रकवाले हॉर्न मारत होते. मी ओरडले असेन, थांबलात कशाला म्हणून. आप्पांनी मागं वळून बघितलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते.

"सुजा, तिला बघ."

मी म्हटलं, झोपलीय, आताच बोलली माझ्याशी.

"बघ म्हणतोय."

मी मनगटावर बोटं ठेवली. मग गळ्यापाशी. मग परत मनगटावर. हात अजून गरमच होता, पण बोटांखाली काही लागत नव्हतं. आप्पांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली आणि पंचगंगेचा पूल ओलांडला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, बहुतेक मेंदूतली रक्तवाहिनी फुटली असावी. डोकं किती दिवसांपासून दुखत होतं, असं त्यांनी विचारलं. मी आठवत राहिले. आप्पा लगेच म्हणाले, जानेवारीपासून. म्हणजे त्यांच्या लक्षात होतं.

त्या गाडीनं पुन्हा कधी आवाज केला नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर आप्पा एका सकाळी एकटेच मैदानात गेले आणि तासभर डावीकडं फेऱ्या मारून आले. पुढं काही वर्षांनी गाडी रफीकनं सुटे भाग काढायला नेली. त्यानं फोन करून सांगितलं – ताई, शेवटच्या नटापर्यंत खोललं, कुठं झीज न्हाय, चीर न्हाय, काहीच न्हाय.

ही गोष्ट ज्यांना सांगितली त्यातले बरेचजण म्हणतात, तो इशारा होता. मला तसं म्हणायचं धाडस होत नाही. इशारा म्हणावा तर तो अशा माणसाला दिला गेला ज्याला चाकाचा आवाज जगात सगळ्यात चांगला कळायचा. आणि म्हणूनच तो माणूस चार महिने गाडीखाली झोपून राहिला. योगायोग म्हणावा तर रफीकचा कान आणि मावशीचा कान कुठं ठेवू?

आप्पा गेले त्याच्या आदल्या वर्षी मी एकदाच विषय काढला. तोपर्यंत आम्ही दोघांनी तो टाळला होता. तुम्हाला काय वाटतं, कशाचा असेल तो आवाज, असं मी विचारलं.

"ते मला न्हाय सापडलं," ते म्हणाले. "पण चार महिने मी तिला आवाज येतोय का, एवढंच विचारत हुतो. तुला काय हुतंय, हे एकदाबी विचारलं न्हाय."

आवाज कशाचा होता, ते मलाही आजवर सांगता आलेलं नाही.